सशर्त शैलीकरण (वेब साचे)

सशर्त शैलीकरण ही वेब अनुप्रयोगाच्या दृश्य-साच्यात विदेच्या स्थितीनुसार एचटीएमएल घटकाचे रूप बदलण्याची पद्धत आहे. ग्रंथालयाच्या यादीत परतीची मुदत उलटलेले पुस्तक लाल अक्षरांत दिसणे किंवा मेनूमधील चालू पानाचा दुवा ठळक होणे, ही तिची नेहमीची उदाहरणे होत.

कार्यपद्धती

साचा म्हणजे विदेसाठी जागा सोडलेला एचटीएमएलचा मसुदा. पान तयार होताना साच्यातील अट तपासली जाते आणि ती खरी ठरल्यास घटकाला ठरावीक क्लास जोडला जातो. त्या क्लासचे रूप सीएसएस शैलीपत्रकात दिलेले असते. एएसपी.नेटच्या रेझर साच्यांत ही अट सी शार्प भाषेत लिहितात. गुणधर्माचे मूल्य 'नल' आल्यास रेझर तो गुणधर्मच गाळतो. व्ह्यूमध्ये आणि अँग्युलरच्या 'एनजीक्लास'मध्ये क्लासचे नाव व त्याची अट यांच्या जोड्या देता येतात. रिअ‍ॅक्टमध्ये 'क्लासनेम'साठी क्लासच्या नावांची स्ट्रिंग तयार करावी लागते.

क्लास आणि थेट शैली

रंग थेट घटकाच्या 'स्टाइल' गुणधर्मातही लिहिता येतो. परंतु मग रंग बदलताना प्रत्येक साचा शोधावा लागतो. अशी शैली शैलीपत्रकातील सामान्य नियमांवर मात करते, तसेच संकेतस्थळाचे आशय सुरक्षा धोरण कडक असल्यास ब्राउझर ती लागू करत नाही. प्रगतीपट्टीच्या रुंदीसारखे आयत्या वेळी मोजले जाणारे मूल्य असेल, तेथे मात्र ती सोयीची ठरते. क्लासचे नाव रूपावरून न ठेवता स्थितीवरून ठेवणे हितावह असते: 'लाल' या नावापेक्षा 'मुदतबाह्य' हे नाव रंग बदलल्यावरही खरे राहते.

सुलभता

केवळ रंग बदलल्यास रंगांधळ्या वाचकाला फरक जाणवत नाही. स्क्रीन रीडर तर क्लासचे नाव वाचतच नाही. म्हणून माहिती देण्याचे रंग हे एकमेव दृश्य साधन असू नये, असा डब्ल्यूसीएजी या मार्गदर्शक तत्त्वांचा निकष १.४.१ सांगतो. ज्या अटीने क्लास जोडला जातो, त्याच अटीने 'मुदत संपली' असा मजकूरही दाखवता येतो. चालू दुव्यासाठी 'एरिया-करंट' आणि अर्जातील चुकीच्या रकान्यासाठी 'एरिया-इनव्हॅलिड' हे गुणधर्म आहेत. सीएसएसचा निवडक थेट या गुणधर्मांवर बेतल्यास वेगळ्या क्लासची गरज उरत नाही आणि डोळ्यांना दिसणारी व स्क्रीन रीडरला कळणारी स्थिती एकच राहते.