वसई-विरारकरांनो, नेमबाजी शिकायचीय?

परवा विरार लोकलमध्ये शेजारच्या ताईंनी विचारलं, “मुलीला रायफल शूटिंग शिकायचंय, सुरुवात कुठून करू?” मी या खेळात रमलेला, म्हणून इथे सविस्तर लिहितोय.

🎯 सुरुवात १० मीटर एअर रायफल किंवा एअर पिस्तुलाने करा. छर्रा ४.५ मिमीचा, तर रायफलच्या टार्गेटवरचा दहाचा ठिपका फक्त अर्ध्या मिलिमीटरचा!

🎯 या प्रकाराला मोठं मैदान लागत नाही, बंदिस्त हॉल पुरतो. त्यामुळे आधी घराजवळ चौकशी करा. मोठी रेंज बघायची तर वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशन आहे. नेमबाज अंजली भागवत तिथेच घडल्या.

🎯 प्रवेशाआधी विचारा: क्लब राज्य संघटनेशी संलग्न आहे का? प्रशिक्षक कोण? सरावाला क्लबची रायफल मिळते का? पहिल्याच दिवशी महागडी रायफल घेऊ नका.

🎯 सुरक्षेचे नियम आधी शिकवत नसतील, तर तो क्लब सोडा. नळी कायम टार्गेटच्या दिशेने, नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरबाहेर.

२०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने नेमबाजीत कांस्य जिंकलं. पुढचं नाव आपल्या वसईचं का नसावं?

काही शंका असतील तर कमेंटमध्ये जरूर विचारा.