संगणकांची नेटवर्कवरील मोजदाद : अपग्रेडनंतरच्या अडचणी व उपाय

विंडोज १० या प्रणालीचे नियमित पाठबळ मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविले. त्यामुळे केसपेपर, प्रयोगशाळा, औषध भांडार व लेखा विभाग येथील संगणकांवर विंडोज ११ बसविणे क्रमप्राप्त झाले. संगणकांची मोजदाद आता डेडस्टॉक रजिस्टर घेऊन खोलोखोली फिरण्याऐवजी नेटवर्क स्कॅनने होते. एक मुख्य संगणक इतरांना विचारणा करून त्यांची यादी तयार करतो. अपग्रेडनंतर मात्र डोळ्यांसमोर चालू असलेले संगणकही कधीकधी या यादीत येत नाहीत.

हा प्रश्न केवळ हिशेबाचा नाही. जो संगणक यादीत नाही, त्यावरील सुरक्षा-दुरुस्ती राहून गेली तरी ध्यानात येत नाही. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर विषाणूने इंग्लंडच्या सार्वजनिक आरोग्यसेवेतील २३६ पैकी किमान ८१ न्यासांचे कामकाज विस्कळीत केले, असे तेथील राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने नमूद केले आहे. त्यावरील दुरुस्ती मार्चमध्येच उपलब्ध होती.

बँकेच्या ताळमेळ पत्रकाप्रमाणे येथेही क्रमाने तपासावे लागते.

प्रथम, संगणक चालू आहे ना व निद्रावस्थेत नाही ना, हे पाहावे. नंतर नेटवर्कचा प्रकार पाहावा. तो ‘पब्लिक’ असा नोंदला गेला असल्यास फायरवॉल बाहेरील विचारणेस उत्तर देऊ देत नाही. रुग्णालयाच्या नेटवर्कसाठी तो ‘प्रायव्हेट’ करावा.

त्यानंतर त्रुटीचा संदेश वाचावा. ‘आरपीसी सर्व्हर अनअव्हेलेबल’ असा संदेश आल्यास बहुधा वाट अडलेली असते. ही विचारणा आधी १३५ क्रमांकाच्या पोर्टवर जाते व तेथून ४९१५२ ते ६५५३५ यांपैकी एखाद्या पोर्टवर पाठविली जाते. जणू केसपेपरच्या खिडकीवरून रुग्णास योग्य विभागात पाठवावे. केवळ पहिली खिडकी उघडून भागत नाही. तथापि फायरवॉल सरसकट बंद करणे सर्वथा अयोग्य. फक्त मुख्य संगणकाच्या पत्त्यावरून येणाऱ्या ‘डब्ल्यूएमआय’ विचारणेस परवानगी द्यावी.

‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ असा संदेश आल्यास वाट मोकळी असून ओळख अमान्य झालेली असते. सुट्या संगणकावरील स्थानिक खात्यास दुरून पूर्ण अधिकार न देण्याचा नियम विंडोज व्हिस्टापासून आहे. अशा ठिकाणी मोजदादीसाठी स्वतंत्र डोमेन खाते ठेवावे, अथवा स्वतःच माहिती पाठविणारा लहान प्रोग्राम त्या संगणकावर बसवावा. मार्च २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने ओळखतपासणी अधिक कडक केल्याने जुने स्कॅनिंग सॉफ्टवेअर अपुरे पडू शकते; तेही अद्ययावत असावे.

उलट, प्रणाली नव्याने बसविल्यास संगणकाचे नाव बदलून एकच वस्तू दोनदा मोजली जाण्याचा संभव असतो. म्हणून मिलान नावावरून न करता उत्पादकाच्या अनुक्रमांकावरून करावे. जोडणी करून घेतलेल्या संगणकांत हा क्रमांक कोरा असू शकतो. तेथे डेडस्टॉक क्रमांकाची चिठ्ठी ग्राह्य धरावी.

एवढे करूनही जो संगणक यादीत येत नाही, तो प्रत्यक्ष जागेवर जाऊन पाहिल्याखेरीज ‘गहाळ’ अशी नोंद करू नये. देणगीदारांच्या पैशातून आलेल्या प्रत्येक वस्तूचा ठावठिकाणा सांगता येणे आणि रुग्णांची माहिती सुरक्षित राखणे, ही दोन्ही कर्तव्ये या एकाच यादीवर अवलंबून आहेत.