ब्रिजिड : संतचरित्र, देवी आणि पुनर्कथनाचा प्रश्न

एखाद्या संतकथेच्या मुळाशी प्राचीन देवतेचा शोध घेणे ही गोष्ट मराठी अभ्यासकाला नवी नाही. दामोदर धर्मानंद कोसंबी यांचे मातृदेवतांच्या स्थानांविषयीचे संशोधन आणि रा. चिं. ढेरे यांचा 'लज्जागौरी' (१९७८) हा ग्रंथ यांनी आपल्याला दैवतांचे थर उलगडण्याची दृष्टी दिली. अशाच प्रकारचा उलगडा आयर्लंडमधील संत ब्रिजिडच्या कथांच्या बाबतीत गेली काही दशके चालू आहे. मात्र तेथे संशोधनाइतकाच वाटा पुनर्कथनाचा आहे. देवीकेंद्री अध्यात्माच्या दृष्टीतून ब्रिजिडची कथा पुन्हा सांगताना काय साधते आणि काय निसटते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

ब्रिजिड ही किल्डेअर येथील मठाची संस्थापिका मानली जाते. परंपरेनुसार तिचा काळ इ. स. ४५१ ते ५२५ असा सांगितला जातो. तिचा सण १ फेब्रुवारीला येतो. 'इम्बोल्क' हा वसंतारंभाचा जुना आयरिश सणही याच दिवशी असतो. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात स्त्रीवादी विचारातून देवीकेंद्री अध्यात्माचा प्रवाह पुढे आला. स्टारहॉक यांचे 'द स्पायरल डान्स' (१९७९) हे या प्रवाहातील एक प्रमुख पुस्तक होय. मेरी कॉन्ड्रेन यांच्या 'द सर्पंट अँड द गॉडेस' (१९८९) या ग्रंथाने केल्टिक आयर्लंडमधील स्त्री, धर्म आणि सत्ता यांच्या संबंधांचा विचार करताना ब्रिजिडला मध्यवर्ती स्थान दिले. या प्रवाहात रूढ झालेल्या कथनाचा सांगाडा साधारणतः असा आहे : आधी देवी होती, ख्रिस्ती धर्म आल्यावर तिला संतिणीचा वेश चढविला गेला, आता तो वेश उतरवून मूळ देवी पुन्हा प्रकट करावयाची आहे.

या सांगाड्याची तपासणी लिखित साधनांच्या कालक्रमाने केली पाहिजे. कोगितोसस या भिक्षूने लॅटिनमध्ये लिहिलेले ब्रिजिडचरित्र सातव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. त्यात देवीचा उल्लेख नाही. ब्रिजिड (जुने रूप 'ब्रिगिट') या देवीचा स्पष्ट उल्लेख इ. स. ९०० च्या सुमारास 'सनस कॉर्मेक' या शब्दकोशात येतो. कॅशलचा राजा व धर्माधिकारी कॉर्मेक (मृत्यू ९०८) याच्या नावावर असलेला हा कोश सांगतो की, ब्रिगिट ही दाग्दा या देवाची कन्या, कवींची आराध्यदेवता. तिच्या त्याच नावाच्या दोन बहिणी, एक वैद्यकाची व दुसरी लोहारकामाची. म्हणजे देवीविषयीचा हा लेख संतचरित्रापेक्षा सुमारे दोन शतकांनी अलीकडचा आहे. शिवाय तोही ख्रिस्ती विद्वानाच्या नावावरचा आहे.

यावरून देवी ही नंतरची कल्पना ठरते काय? तसे म्हणता येणार नाही. रोमन अमलातील उत्तर ब्रिटनमध्ये 'ब्रिगांटिया' या देवीचे कोरीव लेख सापडले आहेत, आणि ते कोगितोससच्या कितीतरी आधीचे आहेत. दोन्ही नावांचा धातू 'उंच, उन्नत' या अर्थाचा आहे. संस्कृतातील 'बृहती' हा शब्द त्याच कुळातला होय. तेव्हा नावाचे प्राचीनत्व भाषाशास्त्राने सिद्ध होते. मात्र नाव जुने आहे एवढ्यावरून त्या नावाशी जोडलेली प्रत्येक कथा जुनी ठरत नाही. पुनर्कथनांत नेमकी येथेच गल्लत होते.

अग्नीचे उदाहरण घेऊ. किल्डेअरच्या अखंड अग्नीला देवीपूजेचा सर्वांत ठळक अवशेष मानले जाते. त्याचे प्रसिद्ध वर्णन जेराल्ड ऑफ वेल्स याने ११८८ च्या सुमारास केले आहे. एकोणीस साध्वी एकेक रात्र अग्नी राखतात आणि विसाव्या रात्री तो ब्रिजिड स्वतः सांभाळते. भोवतालचे कुंपण कोणाही पुरुषाने ओलांडायचे नाही. अग्नीवर तोंडाने फुंकर घालायची नाही. हे वर्णन विलक्षण आहे. परंतु किल्डेअरच्या चर्चचे सविस्तर वर्णन करणारा कोगितोसस या अग्नीविषयी मौन पाळतो. पाच शतकांच्या या अंतरावर पूल बांधताना पुनर्कथनकार अनुमानाचा आधार घेतो. अनुमान निषिद्ध नाही. ते अनुमान म्हणून सांगितले जावे, एवढीच अपेक्षा आहे.

याउलट काही कथाघटक देवीकेंद्री वाचनाला खरोखरच प्रतिसाद देतात. ओला झगा सूर्यकिरणावर वाळत घालणारी ब्रिजिड कोगितोससच्याच चरित्रात भेटते. सूर्योदयाच्या वेळी, आईचा एक पाय उंबरठ्याच्या आत व एक बाहेर असताना झालेला तिचा जन्म लॅटिन 'विता प्रिमा'मध्ये वर्णिलेला आहे. उंबरठा, पहाट, दूध आणि अग्नी यांची ही गुंफण केवळ चरित्रकाराच्या भक्तीने आली असे मानणे कठीण आहे. येथे पुनर्कथन कथेतील प्रतिमांना पुन्हा बोलते करते. हे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

परंतु प्रस्तुत लेखिकेला अधिक महत्त्वाचा वाटतो तो दुसरा मुद्दा. उंबरठ्यावर प्रसूत होणारी ती आई दासी आहे. ब्रिजिडचा पिता दुब्थाख हा धनी, आणि आई त्याने विकलेली गुलाम स्त्री. पुढे पिता मुलीलाही राजाकडे विकावयास नेतो. तो आत बोलणी करीत असताना बाहेर रथाजवळ थांबलेली ब्रिजिड त्याची तलवार एका कुष्ठरोग्याला देऊन टाकते. देवीकेंद्री कथनात पहाट उरते, उंबरठा उरतो. दासी मात्र पार्श्वभूमीत जाते. देवीला दाग्दासारखा पिता असतो, तिला विकता येत नाही. स्त्रीची प्रतिष्ठा परत मिळविण्यासाठी केलेल्या कथनातून गुलाम स्त्रीच वगळली जावी, हा त्यातील अंतर्विरोध होय.

सत्तेच्या बाबतीतही असेच घडते. नवव्या शतकातील 'बेथू ब्रिग्ते' या चरित्रात बिशप मेल हा दैवी कृपेच्या धुंदीत ब्रिजिडवर थेट बिशपपदाचा संस्कार करतो. किल्डेअर हा स्त्री-पुरुष दोघांचा मठ होता आणि त्याची सूत्रे मठाधिपती स्त्रीकडे होती. म्हणजे स्त्रीच्या धार्मिक अधिकाराची स्मृती ख्रिस्ती साधनांतच नोंदली गेली आहे. ती सारी देवीच्या खात्यावर जमा केल्यास प्रत्यक्षात मठ चालविणाऱ्या स्त्रियांचे कर्तृत्व पुसले जाते.

येथे आपल्याकडील संशोधनाशी एक फरक लक्षात येतो. कोसंबींना पुण्याच्या परिसरात शेंदूर लावलेल्या, नवसाला पावणाऱ्या देवतांची स्थाने चालत जाऊन पाहता आली. पूजा चालू होती, ती करणारी माणसे होती. ब्रिजिडविषयीची प्राचीन साधने मात्र मठातील लेखणीतून उतरलेली आहेत. लोकाचारांतील लव्हाळ्याचा क्रूस किंवा सणाच्या आदल्या रात्री घराबाहेर ठेवलेले कापड यांच्या नोंदी बऱ्याच उशिराच्या आहेत. म्हणून तेथील पुनर्कथनाला पोकळी अधिक भरावी लागते, आणि म्हणूनच त्याच्यावरची जबाबदारीही अधिक असते.

लोकांनी मात्र हा प्रश्न आपल्या रीतीने हाताळला आहे. किल्डेअरमध्ये १९९३ साली ब्रिजिडची ज्योत पुन्हा चेतविली ती कॅथलिक ब्रिजिडाइन साध्वींनी. २००६ मध्ये गावाच्या चौकात तिच्यासाठी स्तंभ उभा राहिला. २०२३ पासून ब्रिजिडच्या दिवसाची सार्वजनिक सुट्टी आयर्लंडमध्ये सुरू झाली. त्या ज्योतीपाशी संतिणीचे भक्त येतात, तसेच देवीचे उपासकही येतात.

सारांश, संतकथेचे देवीकेंद्री पुनर्कथन ही वाङ्मयीन निर्मिती म्हणून समर्थनीय आहे. इतिहास म्हणून ते साधनांच्या कसोटीवर उतरले पाहिजे. त्याचे मूल्य ठरविताना, त्याने किती जुनी देवी शोधली यापेक्षा उंबरठ्यावरच्या त्या दासीला त्याने कथेत जागा ठेवली की नाही, हे पाहणे अधिक उचित ठरेल.