हेलसिंकी ते टोकियो : अंतर तेच, वेळ वेगळा

दोन शहरांमधील हवाई अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोल पृष्ठभागावरून त्यांना जोडणाऱ्या सर्वांत आखूड वक्ररेषेची लांबी होय. पृथ्वीचे दोन समान भाग करणाऱ्या ज्या वर्तुळावर ही रेषा येते, त्यास बृहद्वृत्त म्हणतात. फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि जपानची राजधानी टोकियो यांच्यातील हे अंतर सुमारे 7,800 किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशावर या दोन शहरांमध्ये पट्टी ठेवली, तर रेषा कझाकस्तान व मंगोलियावरून जाते. खरा आखूड मार्ग मात्र बराच उत्तरेकडे झुकतो आणि त्याचा फार मोठा भाग रशियाच्या सायबेरियावरून जातो. या मार्गाच्या वाट्याला आलेल्या अडचणींचे मूळ तेथेच आहे.

प्रवासी जेट विमान ताशी सुमारे 900 किलोमीटर वेगाने उडते, परंतु हा वेग भोवतालच्या हवेच्या तुलनेत मोजलेला असतो. साधारण 9 ते 12 किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वेगवान वायुप्रवाह, म्हणजेच जेट स्ट्रीम, पाठीशी असला की जमिनीच्या तुलनेत विमानाचा वेग वाढतो आणि समोरून आला की घटतो. जपानी हवामानशास्त्रज्ञ वासाबुरो ओइशी यांनी 1920च्या दशकात फुगे सोडून या वाऱ्यांची नोंद घेतली होती. जगाला कळावे म्हणून त्यांनी ती एस्परांतो या कृत्रिम भाषेत प्रसिद्ध केली आणि बहुधा त्यामुळेच बाहेरच्या जगाचे तिच्याकडे फारसे लक्ष गेले नाही, ही विज्ञानाच्या इतिहासातील खरोखर चुटपुट लावणारी गोष्ट आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये याच वाऱ्याच्या बळावर एका प्रवासी विमानाने न्यूयॉर्क ते लंडन हे अंतर 5 तासांच्या आत कापले. एरवी त्यास साडेसहा तासांच्या आसपास लागतात.

वाऱ्याने तास-दोन तासांचा फरक पडतो, राजकारणाने त्याहून मोठा. शीतयुद्धाच्या काळात सोव्हिएत आकाश बहुतेक पाश्चात्त्य विमानांना बंद असल्याने युरोपातून जपानला जाणारी अनेक विमाने अलास्कातील अँकरेज येथे इंधनासाठी थांबत. फिनएअर कंपनीने 1983 मध्ये डीसी-10 विमानाने उत्तर ध्रुवावरून हेलसिंकी–टोकियो विनाथांबा सेवा सुरू केली, तेव्हा प्रवासाला सुमारे 13 तास लागत. पुढे सायबेरियाचे आकाश खुले झाले, हाच प्रवास साडेनऊ तासांवर आला आणि आशियाकडे जाण्याचा जवळचा मार्ग म्हणून हेलसिंकी विमानतळ भरभराटीस आला. युक्रेनवरील आक्रमणानंतर, फेब्रुवारी 2022 मध्ये, रशियाने युरोपीय विमानांना आपले आकाश बंद केले, तेव्हा फिनएअरची विमाने पुन्हा ध्रुवाकडे वळली किंवा दक्षिणेकडून मध्य आशियामार्गे जाऊ लागली. उड्डाणाचा वेळ 13 तासांच्या घरात पोहोचला, इंधन आणि वैमानिकांचे कामाचे तास वाढले. हे बंधन चिनी कंपन्यांवर नसल्यामुळे त्यांची विमाने रशियावरूनच युरोपात ये-जा करतात आणि युरोपीय विमानांच्या आधी पोहोचतात.