चॉकलेटसमोर न थांबणारं मूल खरंच उतावळं असतं का?

तो रील तुम्हीही पाहिला असेल. टेबलावर चॉकलेटची वाटी, समोर तीन-चार वर्षांचं पोरगं. आई सांगते, "मी आत जाऊन येते. तोवर हात लावला नाहीस तर आणखी देईन." आई जाते, मोबाईल मात्र चालूच असतो. मग पोराची चुळबूळ, वाटीत डोकावणं, चॉकलेटला हळूच बोट लावून चाटणं. खाली कमेंट पडतात, 'काय संयम आहे, संस्कार दिसतात!' आणि ज्या रीलमधली पोरगी आईची पाठ वळताच चॉकलेट तोंडात टाकते, तिथे लोक तिचं भविष्य सांगून मोकळे होतात.

गंमत म्हणून ठीक आहे. पण अनेक आईबाप हा प्रयोग घरी करून बघतात आणि मूल थांबलं नाही की मनाशी पक्कं करतात, आपलं पोरगं उतावळंच आहे. मग तेच पाहुण्यांसमोर बोललं जातं, ते मुलाच्याही कानावर पडतं. म्हणून हा प्रयोग नेमकं काय मोजतो ते समजून घेऊया.

मूळ प्रयोग वॉल्टर मिशेल या मानसशास्त्रज्ञाचा. १९६० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग नर्सरी शाळेत त्याने तो सुरू केला. मुलासमोर मार्शमेलो, म्हणजे साखरेची मऊ मिठाई किंवा बिस्किट ठेवायचं. आत्ता खाल्लंस तर एक, मी परत येईपर्यंत थांबलास तर दोन. १९९० मध्ये त्याच मुलांपैकी काहींची माहिती प्रसिद्ध झाली. लहानपणी जास्त वेळ थांबलेल्यांना पुढे कॉलेज प्रवेशाच्या परीक्षेत जास्त गुण मिळाल्याचं दिसलं. मग काय, पुस्तकं आली, भाषणं झाली, 'संयम म्हणजे यश' हे समीकरण जगभर पोहोचलं.

या गोष्टीचा पहिला भाग मात्र फारसा कोणी सांगत नाही. स्टॅनफर्डच्या आधी, १९५० च्या दशकात, मिशेल कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर होता. तिथे भारतातून मजूर म्हणून नेलेल्यांचे वंशज आणि आफ्रिकन वंशाचे लोक शेजारी शेजारी राहत. भारतीय वंशाचे लोक म्हणायचे, ते फक्त आजचा दिवस बघतात. आफ्रिकन वंशाचे म्हणायचे, हे नुसतं साठवतात, जगत नाहीत. मिशेलने शाळेतल्या मुलांना विचारलं, छोटी गोळी आत्ता हवी की मोठी पुढच्या आठवड्यात? दोन समाजांत फरक दिसला. पण त्यातल्या मोठ्या भागाचा संबंध मुलाच्या घरी वडील राहतात की नाही, याच्याशी निघाला. ज्या घरी वडील नव्हते, तिथली मुलं 'आत्ताच द्या' जास्त म्हणत. एक अनोळखी पुरुष पुढच्या आठवड्यात शब्द पाळेल, हे त्यांनी कशाच्या जोरावर मानायचं?

म्हणजे प्रश्न सुरुवातीपासूनच विश्वासाचाही होता.

२०१३ मध्ये अमेरिकेतल्याच रॉचेस्टर विद्यापीठात हे थेट तपासलं गेलं. २८ मुलं घेतली. आधी सगळ्यांना सांगितलं की थांबलात तर चित्र काढायला आणखी छान सामान आणून देतो. निम्म्या मुलांना ते आणून दिलं. उरलेल्यांना येऊन सांगितलं, "सॉरी, ते संपलंय." त्यानंतर मार्शमेलो. शब्द पाळला गेला होता ती १४ मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवलेली १४ मुलं ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी पहिल्या गटात ९ होती, दुसऱ्या गटात एक.

आता आपल्या घरात बघा. "रडू नकोस, येताना आइस्क्रीम आणते," असं सांगून ऑफिसला जाणं. मुलाला आजीने गच्चीत कावळा दाखवायला नेलं की चप्पल हातात घेऊन मागच्या दाराने सटकणं. इंजेक्शनच्या आधी "काही दुखत नाही, मुंगी चावल्यासारखं" म्हणणं. हे आपण सगळेच करतो, वेळच तशी असते. पण मूल याचा हिशेब ठेवत असतं.

'संयम म्हणजे यश' या समीकरणाचंही पुढे बरंच पाणी गेलं. २०१८ मध्ये ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवरून पुन्हा पडताळणी झाली. थांबणं आणि पुढचे गुण यांचा संबंध मूळ अभ्यासाच्या मानाने जवळपास निम्माच निघाला. घरची परिस्थिती, आईचं शिक्षण वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर तोही दोन तृतीयांशाने घटला. स्टॅनफर्डची मुलं मुळात विद्यापीठाच्या आवारातली होती, हे विसरून चालणार नाही.

आणि अमेरिकेबाहेर?

आफ्रिकेतल्या कॅमेरून देशात न्सो नावाचा शेतकरी समाज आहे. तिथली चार वर्षांची ७६ मुलं आणि जर्मनीतल्या मध्यमवर्गीय घरांतली त्याच वयाची १२५ मुलं, अशी तुलना संशोधकांनी केली. जर्मन मुलांना लॉलीपॉप किंवा चॉकलेट, न्सो मुलांना त्यांच्याकडचं तळलेलं गोड पफ-पफ. दहा मिनिटं थांबायचं होतं. जर्मन मुलांपैकी ३० टक्क्यांच्या आसपास थांबली. न्सो मुलांपैकी जवळपास ७० टक्के. जर्मन मुलं गाणी म्हणत होती, खोलीत फिरत होती, पाठ करून बसत होती. न्सो मुलं बहुतेक शांत बसून राहिली. काहींना तर चक्क झोप लागली!

न्सो घरांत मोठ्यांचं ऐकणं आणि चारचौघांत शांत राहणं हे मूल तान्हं असल्यापासून अपेक्षित असतं. जर्मन मध्यमवर्गीय आई मुलाला काय हवंय हे विचारते, त्याची पसंती धरून चालते. दोघीही मुलाला घडवतच असतात, ज्या जगात त्याला राहायचंय त्या जगासाठी. यावरून 'बघा, आपली पारंपरिक पद्धतच भारी' असा फॉरवर्ड कुणी बनवेल म्हणून सांगतो, मोठ्यांनी सांगितलं म्हणून गप्प बसणारं मूल काही खुपत असलं तरी गप्प बसू शकतं. दहा मिनिटांच्या प्रयोगात ते दिसत नाही.

कुठली भावना बाहेर येऊ द्यायची हेही घरच ठरवतं. नेपाळमध्ये पामेला कोल आणि सहकाऱ्यांनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांशी घरचे मोठे कसे वागतात ते पाहिलं. तामांग समाजातली मोठी माणसं मूल चिडलं की रागावत आणि ते ओशाळलं की जवळ घेत. ब्राह्मण घरांत मूल चिडलं की त्याला समजावत, कधी त्याचं ऐकतही, पण ते ओशाळलं तर तिकडे लक्षच देत नसत. देश तोच, डोंगर तेच. एका घरात राग काढून माणसं जवळ येतात, दुसऱ्या घरात मान खाली घातल्यावर. "शी, सगळे बघतायत, लाज नाही वाटत?" हे वाक्य आपल्याकडे मुलाच्या रडण्यावर सर्रास वापरलं जातं. ते ऐकून मूल गप्प होतं, पण ते शांत झालं की नुसतं लपलं, हे बघायला आपण थांबत नाही.

मला या सगळ्यात सर्वात आवडलेला अभ्यास जपानचा आहे, २०२२ सालचा. जपानी आणि अमेरिकन मुलांपैकी काहींना खाऊसाठी थांबायला सांगितलं, काहींना कागदात गुंडाळलेल्या भेटवस्तूसाठी. खाऊसमोर जपानी मुलं बहुतेक पूर्ण १५ मिनिटं थांबली, अमेरिकन मुलं चार मिनिटांच्या आत ढेपाळली. वाटलं ना, जपानी शिस्त? भेटवस्तूच्या वेळी उलटं झालं. अमेरिकन मुलं १५ मिनिटांच्या जवळ पोहोचली आणि जपानी मुलं पाच मिनिटांच्या आत.

कारण साधं आहे. जपानमध्ये घरी आणि शाळेत सगळ्यांची ताटं वाढून झाल्याशिवाय, 'इतादाकिमास' म्हटल्याशिवाय खायचं नाही, ही रोजची सवय. अमेरिकेत वाढदिवसाची, ख्रिसमसची भेट ठरल्या वेळेपर्यंत उघडायची नाही, हा रिवाज. जिथे सवय, तिथे संयम.

आपल्याकडे गणपतीच्या दिवशी हेच चालतं. आरती लांबते, स्वयंपाकघरातून उकडीच्या मोदकांचा वास येत असतो, पण नैवेद्य दाखवेपर्यंत हात लावायचा नाही हे तीन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. तेच पोर स्वतःच्या वाढदिवसाला पाहुणे दारात असतानाच गिफ्टचा कागद फाडतं. मग याला संयमी म्हणायचं की उतावळं?

मिशेलच्या प्रयोगांतली आणखी एक गोष्ट रीलमध्ये कधीच दिसत नाही. मिठाई झाकून ठेवली, किंवा 'हा मऊ ढग आहे असं समज' असं मुलाला सुचवलं, की मुलं कितीतरी जास्त वेळ थांबायची. रीलमध्ये वाटी उघडी असते, अगदी नाकाखाली, आणि समोर कॅमेरा. आजी काय करते? मोदकपात्राचं झाकण काढत नाही आणि नातवाला बाहेर दूर्वा निवडायला बसवते.