पूरपट्ट्यातल्या घराचा विमा : भाडेकरूंनाही काढता येतो

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट, हे आपल्याकडं शाळकरी पोरगंही सांगतं. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांच्या पुढं गेलं. तरीही कुरुंदवाड, नृसिंहवाडी, खिद्रापूर भागात पीक विम्याची चौकशी करणारे भरपूर भेटतात, घराच्या विम्याचं कोण विचारत नाही. शासन देईलच, असं म्हणून विषय संपतो.

शासन देतं, पण किती? 2021 च्या पुरानंतर कपडे आणि भांड्यांसाठी कुटुंबाला 10 हजार रुपये जाहीर झाले. घर पूर्ण पडलं तर दीड लाख, निम्मं पडलं तर 50 हजार. आजच्या वाळू, सिमेंट आणि गवंड्याच्या दरात दीड लाखात पायाच्या वर काय उभं राहतं, ते घर बांधलेल्यालाच विचारा. फ्रिज, टीव्ही, तिजोरी, गाद्या, घरात भरून ठेवलेलं वर्षाचं धान्य तर वेगळंच.

विमा नियामकानं एप्रिल 2021 पासून ‘भारत गृह रक्षा’ ही एकसारखी पॉलिसी आणली आहे. घराचा विमा विकणाऱ्या सगळ्या कंपन्यांकडं ती मिळते. आग, वादळ, भूकंप, दरड आणि पूर हे सगळं त्यात येतं. रक्कम ठरते ती घर परत बांधायच्या खर्चावर, जागेची किंमत त्यात धरत नाहीत. समजा 800 चौरस फुटांचं घर आहे आणि बांधायला फुटाला दीड हजार लागतात, तर विमा 12 लाखांचा. घरातल्या सामानाला त्याच्या 20 टक्के, म्हणजे 2 लाख 40 हजारांचं संरक्षण आपोआप मिळतं. सामान जास्त असेल तर यादी देऊन रक्कम वाढवता येते. एकदम दहा वर्षांपर्यंतचीही पॉलिसी निघते.

इचलकरंजीत नदीकडच्या गल्ल्यांत भाड्यानं राहणाऱ्या कामगारांना वाटतं, घर मालकाचं, आपला काय संबंध? पण मालकानं विमा काढला तरी तो भिंतीचा. भिजलेली शिलाई मशीन भाडेकरूचीच जाते. भाडेकरूला फक्त सामानाचा विमा काढता येतो.

आता यात काय बसत नाही तेही बघा. रोख पैसे, गाडी, दुकानातला विक्रीचा माल यात धरत नाहीत. जनावरांचा विमा वेगळा काढावा लागतो. दागिन्यांसाठी जादा संरक्षण घ्यावं लागतं. घराला कुडाच्या भिंती किंवा गवताचं छप्पर असेल तर फॉर्म भरतानाच लिहा, लपवलं की पुढं दावा अडकतो. घरकर्ज असलेल्यांनी बँकेत विचारावं, कर्जासोबत विमा काढलेला असतो आणि घरच्यांना पत्ताच नसतो. तो असला तरी त्यात सामान धरलंय का, हे बघाच.

पाणी ओसरल्यावर घाईनं चिखल काढू नका. आधी भिंतीवरची पाण्याची खूण आणि प्रत्येक वस्तूचा फोटो मोबाईलवर काढा, कंपनीला कळवा, तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत मागून घ्या. पॉलिसीचा फोटो आत्ताच पाव्हण्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून ठेवा, कागद कपाटात राहिला तर कपाटासकट भिजतो.