गाडी फियाट होती की अँबॅसेडर?

मुलगी सोळा वर्षांखालची, पंजाबातल्या खेड्यातली. ३० मार्च १९८४ रोजी मॅट्रिकचा भूगोलाचा पेपर देऊन मामाच्या घरी निघालेली असताना तिला गाडीतून पळवून नेण्यात आले आणि तिच्यावर अत्याचार झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी आरोपींनी तिला परीक्षा केंद्राजवळ आणून सोडले. तिने त्या दिवशीचा पेपर दिला, मग घर गाठून आईला सारे सांगितले. वडील सरपंचाकडे गेले, पंचायत बसली, तिथे काहीच निष्पन्न झाले नाही. फिर्याद नोंदवली गेली ती २ एप्रिलला.

लुधियानाच्या न्यायालयाने १९८५ मध्ये तिन्ही आरोपींना निर्दोष सोडले. कारणे वाचताना आज कपाळाला हात लावावासा वाटतो. फियाट, अँबॅसेडर आणि मास्टर या गाड्यांतला फरक मुलीला सांगता आला नाही. तिने आरडाओरडा केला नाही. परीक्षा केंद्रातल्या शिक्षिकांना काही सांगितले नाही. शिवाय फिर्यादीला उशीर! भरीला न्यायालयाने तिच्या चारित्र्यावरही शिंतोडे उडवले.

सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, ‘पंजाब राज्य विरुद्ध गुरमीत सिंग’ या निकालात, हा सगळा डोलारा पाडला आणि आरोपींना पाच वर्षांची सक्तमजुरी दिली. खेड्यातल्या मुलीला गाडीची बनावट ओळखता येत नसेल, तर त्यावरून अत्याचारच झाला नाही असे कसे ठरते? घराण्याच्या अब्रूच्या धास्तीने आधी पंचायतीकडे धाव घेतली जाते, ही तर गावगाड्याची रीत. पीडितेची साक्ष विश्वासार्ह असेल, तर तिला दुसऱ्या पुराव्याचा टेकू असलाच पाहिजे असे नाही, हेही न्यायालयाने बजावले. पीडिता ही गुन्ह्यातली साथीदार नव्हे, मग तिच्याकडे तशा संशयाने का पाहावे, हा मुद्दा महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात १९९० मध्ये मांडला गेला होता. त्यात आरोपी पोलीस अधिकारी होता.

मग तिचा शब्द म्हणजे अखेरचा शब्द का? तसेही नाही. दिल्लीच्या राय संदीप प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले, कारण पीडितेचा पोलिसांकडचा जबाब आणि न्यायालयातली साक्ष यांत मुळातच मेळ नव्हता. एकट्या साक्षीवर शिक्षा द्यायची, तर ती फिर्यादीपासून उलटतपासणीपर्यंत मुख्य गोष्टीवर ठाम हवी आणि इतर पुराव्याशी जुळायला हवी, असा तिथला निकष. तपशिलातली किरकोळ चूक त्यात बसून जाते. आरोपी कोण आणि घडले काय, याबद्दल जबाब पालटला तर बसत नाही.

सगळा खल आहे तो या दोन तफावतींमध्ये. आरोपीला ज्याचा फायदा मिळतो, तो ‘वाजवी संशय’ पुराव्यातल्या भगदाडातून यावा लागतो. पीडितेने कसे रडावे, कधी ओरडावे, कोणाला आधी सांगावे, याच्या न्यायाधीशांच्या मनातल्या चित्राशी तिचे वागणे जुळले नाही, तर तो संशय नव्हे, पूर्वग्रह. लुधियानात नेमकी हीच गल्लत झाली.

वैद्यकीय अहवालांत हाच पूर्वग्रह ‘दोन बोटांच्या चाचणी’च्या रूपाने कसा दडून बसला होता, ते पुढच्या आठवड्यात.